ड्रॅग बाइकची नायट्रस बाटली: दाब कसा सांभाळायचा, रिफिल कसे करायचे

गेजवर ९५० पीएसआय (पाउंड प्रति चौरस इंच, दाबाचे एकक) दिसले म्हणजे बाटली भरलेली आहे, हा समज नवीन माणसाला हमखास अडचणीत आणतो. इंजिनाला जादा ताकद देणारा नायट्रस ऑक्साइड, म्हणजेच नायट्रस, बाटलीत द्रव आणि वाफ अशा दोन रूपांत एकत्र असतो. थोडासा जरी द्रव शिल्लक असला तरी आतला दाब फक्त तापमानावर ठरतो. भरलेली बाटली आणि पाव बाटली एकाच सावलीत तासभर ठेवा, दोन्हींचे गेज जवळजवळ सारखेच दाखवेल. किती माल उरला हे वजनकाट्यावर कळते, तो किती जोराने बाहेर येईल हे गेजवर. पुढचे सगळे या दोन गोष्टी वेगळ्या ठेवण्याबद्दलच आहे.

तापमान आणि दाबाचा हिशोब

शुद्ध नायट्रससाठी गेजवर दिसणारे आकडे साधारण असे असतात:

०° सेल्सिअस – ४४० पीएसआय
१०° – ५७०
२०° – ७२०
२५° – ८०५
३०° – ९००
३५° – १००५

हा तक्ता छापून टूलबॉक्सच्या झाकणाला चिकटवा. बहुतेक किटचे जेट (प्रवाह ठरवणारे, ठरावीक मापाच्या भोकाचे तुकडे) ९०० ते ९५० पीएसआय गृहीत धरून दिलेले असतात. म्हणजे बाटलीतला द्रव ३० ते ३२ अंशांवर हवा. सकाळच्या गारव्यात २० अंशांची बाटली लावून निघालात, तर तुम्ही ७२० वर धावताय आणि जेटचा तक्ता तुमच्या उपयोगाचा नाही.

३६.४ अंश हे नायट्रसचे क्रांतिक तापमान. त्यावर बाटलीत द्रव आणि वाफ असा भेदच राहत नाही, आणि दाब किती चढेल हे बाटलीत किती माल कोंबलाय यावर ठरू लागते. तिथे वरचा तक्ता लागू पडत नाही.

तापवण्याला दुसरीही एक बाजू आहे. दाब वाढतो तसा द्रव विरळ होत जातो. २० अंशांना एका लिटर द्रवाचे वजन ७८० ग्रॅमच्या आसपास असते, ३० अंशांना ते ७०० च्या खाली येते आणि ३५ ला आणखी झपाट्याने घसरते. म्हणून ११०० पीएसआयला नेऊन ताकद वाढेल ही अपेक्षा चुकीची आहे. जेटमधून जाणारा माल अपेक्षेइतका वाढत नाही, लाइनमध्येच (बाटलीकडून इंजिनाकडे जाणाऱ्या नळीत) त्याची वाफ होऊ लागते आणि इंजिनाला मिळणारे मिश्रण प्रत्येक रनला वेगळे पडते. ९५० ला धरून बसणे हेच शहाणपणाचे.

दाब चुकला तर इंजिनात काय होते

वेट सिस्टिममध्ये नायट्रस आणि जादा पेट्रोल दोन वेगळ्या जेटमधून येतात. पेट्रोलचा दाब इंधन पंप आणि रेग्युलेटर ठरवतात, बाटलीत काय चाललेय याची त्यांना खबर नसते. ड्राय सिस्टिममध्ये जादा पेट्रोल इंजेक्टरमधून येते. तिथेही कंट्रोलर बाटलीचा दाब मोजून भरपाई करत नसेल, तर गोष्ट तीच.

जेटमधून जाणारा प्रवाह ढोबळमानाने दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. ९५० चे ८०० झाले तर नायट्रस सुमारे ८ टक्के कमी जातो. पेट्रोल तेवढेच राहते, मिश्रण रिच (पेट्रोल प्रमाणापेक्षा जास्त) होते, बाइक जड वाटते, वेळ वाढतो. हे नुकसान सुधारण्यासारखे आहे. उलट ९५० चे ११०० झाले तर नायट्रस ७ ते ८ टक्के जास्त, पेट्रोल तेवढेच, मिश्रण लीन (पेट्रोल प्रमाणापेक्षा कमी). डेटोनेशन (मिश्रणाचा अनियंत्रित स्फोट), प्लगचे इलेक्ट्रोड वितळणे, पिस्टनची कड जळणे हे सगळे याच बाजूला घडते, आणि छोट्या, उंच आरपीएमच्या बाइक इंजिनात ते ऐकू येईपर्यंत उशीर झालेला असतो. दाबाबद्दल शंका असेल तर कमी बाजूला राहा.

जेट सेट करताना दोन्ही आकडे लिहा: जेटचा नंबर आणि त्या वेळचा दाब. ३२ नंबरचा जेट म्हणजे ०.०३२ इंचाचे भोक. पण दाब लिहिला नसेल तर त्या नोंदीला अर्थ राहत नाही.

बाइकवर बाटली छोटी, म्हणून घसरण मोठी

बाइकवर साधारण १ ते २.५ पाउंडाची बाटली बसते. दोन पाउंड म्हणजे ९०० ग्रॅम नायट्रस. रन चालू असताना द्रव बाहेर पडतो, रिकाम्या झालेल्या जागेत उरलेल्या द्रवाची वाफ भरते, आणि वाफ होण्यासाठी लागणारी उष्णता त्याच द्रवातून ओढली जाते. द्रव थंड होतो, दाब उतरतो. दहा पाउंडाच्या बाटलीत ही घसरण फारशी जाणवत नाही. दोन पाउंडाच्या बाटलीत एका रनमध्ये १०० पीएसआय उतरणे नवलाचे नाही, आणि बाटली जितकी रिकामी तितकी ती जास्त.

खपाचा अंदाज असा धरा: दर १०० अश्वशक्तीमागे सेकंदाला ४० ते ४५ ग्रॅम. ६० अश्वशक्तीचा शॉट (नायट्रसमुळे मिळणारी जादा ताकद) सात सेकंद चालू राहिला तर १७० ते १९० ग्रॅम. त्यात पर्जचे (रनआधी लाइनमधली वाफ बाहेर सोडण्याचे) २०–३० ग्रॅम मिळवा. म्हणजे एका रनला सुमारे २०० ग्रॅम. ९०० ग्रॅमच्या बाटलीतून कागदावर चार रन निघतात, प्रत्यक्षात तीनच भरवशाचे. चौथ्या रनला सुरुवातीचा दाब बरोबर दाखवेल, पण अर्ध्या ट्रॅकवर तो कोसळेल, आणि डिप ट्यूबच्या (व्हॉल्व्हपासून बाटलीत आत जाणाऱ्या नळीच्या) तोंडाशी द्रव पुरला नाही तर जेटमधून नुसती वाफ जाईल. म्हणून नियम सोपा: एक तृतीयांश उरली की बाटली बदला.

याचा खरा अंदाज तुमच्या स्वतःच्या नोंदीतूनच येतो. प्रत्येक रनआधी आणि नंतर दोन गोष्टी लिहा, गेजचा आकडा आणि बाटलीचे वजन. चार-पाच रनच्या नोंदी जमल्या की कुठल्या दाबावर सुरू केले तर शेवटच्या टप्प्यात किती उरतो हे दिसू लागते, आणि जेट त्या सरासरीला धरून निवडता येतो. छोट्या बाटलीवर ९५० ला सुरू करून ८५० ला संपणारे रन नीट जुळवलेले असू शकते. ते दर वेळी तसेच घडले पाहिजे, एवढीच अट.

काही जण ही घसरण टाळायला पुश सिस्टिम लावतात. वेगळ्या छोट्या बाटलीतला नायट्रोजन रेग्युलेटरमधून ठरावीक दाबाने नायट्रसवर ढकलला जातो, त्यामुळे रनभर दाब टिकतो. फायदा खरा आहे, पण अजून एक उच्च दाबाची बाटली, रेग्युलेटर आणि जोड सांभाळावे लागतात. पहिल्या हंगामात त्याच्या वाटेला जाऊ नका.

बाटली बसवताना

डिप ट्यूबचे तोंड द्रवात बुडालेले राहिले पाहिजे, आणि जोरदार त्वरणात द्रव मागे धावतो. आडव्या बाटलीचा व्हॉल्व्ह म्हणूनच बाइकच्या पुढच्या बाजूला ठेवतात. ट्यूब आत वाकून मागच्या तळाशी पोचलेली असते आणि लेबल वर ठेवले की तिचे तोंड खाली येते. पुढचे चाक उचलले तरी द्रव मागेच जातो, म्हणजे ही रचना तेव्हाही चालते. व्हॉल्व्ह मागे करून तीच बाटली बसवली तर ट्यूबचे तोंड पुढे येते आणि लाँचच्या क्षणीच पुरवठा तुटतो. उभ्या बाटलीला सरळ ट्यूब लागते. व्हॉल्व्ह खाली करून बसवायची असेल तर ट्यूब नसलेली बाटली घ्या. विकत घेतानाच कशी बसवणार हे ठरवून विचारा, कारण ट्यूब बाहेरून दिसत नाही.

एक्झॉस्टपासून लांब, दोन पक्क्या ब्रॅकेटमध्ये, रबर लावून. अमेरिकेतील ड्रॅग रेसिंग संघटना एनएचआरएच्या नियमांत बाटलीवर किमान डीओटी-१८०० चा (अमेरिकी वाहतूक खात्याच्या १८०० पीएसआय मानकाचा) शिक्का लागतो, ती कायमस्वरूपी पक्की बसवलेली लागते, होज क्लॅम्प किंवा टाय रॅप चालत नाहीत. तुमचा ट्रॅक कोणाचेही नियम पाळत असो, बाइकवर हे पाळाच, कारण रायडर बाटलीला जवळजवळ चिकटून बसलेला असतो.

व्हॉल्व्हच्या बाजूला एक छोटी सुरक्षा चकती असते. दाब धोक्याच्या पलीकडे गेला की ती फुटते आणि बाटली रिकामी होते. अशा बाटल्यांवर ती बहुधा ३००० पीएसआयची असते. चकतीच्या तोंडापासून एक नळी काढून ती रायडरचा पाय, एक्झॉस्ट आणि मागचे टायर यांच्यापासून दूर सोडा. चकती बदलताना त्याच व्हॉल्व्हच्या उत्पादकाची, त्याच आकड्याची घ्या. दोन चकत्या एकावर एक लावणे किंवा जाड चकती टाकणे म्हणजे बाटलीची शेवटची संरक्षक झडप बंद करणे.

थ्रेडला टेफ्लॉन टेप लावू नका. तिचे धागे सुटून सोलेनॉइडच्या (नायट्रस सोडणाऱ्या, विजेवर चालणाऱ्या व्हॉल्व्हच्या) सीटवर किंवा जेटमध्ये अडकतात. पाइप थ्रेडवर टेफ्लॉन पेस्ट, तीही पहिले दोन आटे सोडून. फ्लेअर फिटिंगवर काहीच लावायचे नाही. ते धातूला धातू बसूनच सील होते. तेल आणि ग्रीस कुठेही नको. नायट्रस स्वतः जळत नाही, पण तो ऑक्सिडायझर आहे, आणि दाबाखाली तेलाशी त्याची गाठ पडणे धोक्याचे.

तापवणे आणि थंड करणे

पिटमध्ये सर्वांत सोपे साधन म्हणजे बाटलीभोवती गुंडाळायचे ब्लँकेट हीटर. ते १२ व्होल्टवर वीस अँपिअरच्या आसपास खेचू शकते, त्यामुळे बाइकच्या छोट्या बॅटरीवर लावाल तर स्टार्टिंगलाच त्रास होईल. वेगळी बॅटरी किंवा पॉवर सप्लाय वापरा आणि स्टेजिंगला (सुरुवातीच्या रेषेवर) जाण्याआधी काढा. हीटरला प्रेशर स्विच किंवा थर्मोस्टॅट असलाच पाहिजे. वर जाड इन्सुलेटिंग जॅकेट घातले की रांगेत थांबतानाही दाब बराच वेळ टिकतो.

गॅस टॉर्च, हीट गन, स्टोव्हची ज्योत यांपैकी काहीही बाटलीजवळ आणायचे नाही. ॲल्युमिनियमची ताकद उष्णतेने कायमची कमी होते, आणि हे बाहेरून दिसत नाही. ज्योत लागलेली बाटली भंगारात टाका. कोमट पाण्याच्या टबात बाटली ठेवण्याची पद्धत घरी चाचणी करताना चालते, पाणी ४० अंशांच्या वर नको आणि नजर गेजवरून हटवायची नाही. एनएचआरएच्या नियमांनुसार मात्र बाजारात मिळणारे, थर्मोस्टॅट असलेले ब्लँकेट हीटर सोडून बाहेरून तापवण्याची दुसरी कोणतीही पद्धत चालत नाही.

आता इथे थोडे थांबू, कारण नुकत्याच भरलेल्या बाटलीचे वागणे वेगळे असते. नियमानुसार भरलेल्या बाटलीत २० अंशांना जवळपास ८३ टक्के जागा द्रवाने व्यापलेली असते, वरची वाफेची. तापेल तसा द्रव फुगतो. ३० अंशांच्या जरा वर गेल्यावर वाफेला जागाच उरत नाही, बाटली द्रवाने काठोकाठ भरते. तिथून पुढे एकेका अंशाला दाब तक्त्यापेक्षा कितीतरी वेगाने चढतो. म्हणून ताज्या बाटलीवर हीटर लावून गप्पा मारायला जाऊ नका. ८५० च्या पुढे हीटर बंद-चालू करत हळूहळू न्या. जॅकेटमधली उष्णता आत झिरपायला वेळ लागतो आणि हीटर बंद केल्यावरही काटा चढत राहतो.

दाब जास्त झाला तर हीटर काढा, बाटली सावलीत ठेवा, ओले फडके गुंडाळा. ट्रॅकवर असाल तर एक-दोन छोटे पर्ज घ्या. काठोकाठ भरलेल्या बाटलीत तेवढ्यानेही दाब झटकन खाली येतो. ११०० च्या वरचा काटा घेऊन स्टेजिंगला जाऊ नका.

रनच्या आधी आणि नंतर

व्हॉल्व्ह हळू उघडायला सुरुवात करा, मग पूर्ण उघडा. अचानक उघडल्यास लाइनमधला वायू एकदम दाबला जाऊन तापतो. अर्धवट उघडा ठेवल्यास व्हॉल्व्हच अडथळा बनतो: उभ्या बाइकवर गेज बरोबर दाखवते आणि रनमध्ये दाब तुटतो. ही चूक शोधायला अवघड जाते, कारण सगळे आकडे ठीक दिसतात.

व्हॉल्व्ह उघडल्यावर लाइनमध्ये आधी वाफ येते. पर्ज तिला हाकलून द्रव सोलेनॉइडपर्यंत आणतो. पांढरा, दाट, जोरदार फवारा दिसला की द्रव पोचला. फवारा विरळ असेल, थुंकल्यासारखा येत असेल, तर बाटली संपत आली आहे किंवा ट्यूबच्या तोंडाशी द्रव नाही. दोन छोटे पर्ज पुरतात. रांग पुढे सरकली नाही आणि लाइन तापली, तर स्टेजिंगच्या आधी पुन्हा एक.

रन संपला, बाइक परतीच्या रस्त्याला लागली की बाटलीचा व्हॉल्व्ह बंद करा आणि पर्ज दाबून लाइन रिकामी करा. बंद बाटली आणि बंद सोलेनॉइड यांच्यामध्ये द्रव अडकून राहिला आणि गरम इंजिनाशेजारी तापला, तर त्याला फुगायला जागा नसते. होज किंवा फिटिंग फुटते. सोलेनॉइड थोडासा जरी गळत असेल, तर तोच नायट्रस इनटेकमध्ये साठतो आणि पुढच्या स्टार्टला बॅकफायर होतो.

एक बारकावा: काही बाइकवर गेज व्हॉल्व्हच्या पुढे, लाइनवर बसवलेले असते. ते लाइनचा दाब दाखवते, बाटलीचा नाही. व्हॉल्व्ह बंद आणि गेज ९०० वर असेल तर लाइन रिकामी व्हायची आहे, एवढाच त्याचा अर्थ.

रिफिल

सर्वांत चांगला मार्ग परवानाधारक विक्रेत्याकडून भरून घेण्याचा. मोठ्या सिलिंडरमधून स्वतः भरण्यावर अनेक ठिकाणी बंधने आहेत, आधी तपासा. स्वतः भरत नसाल तरीही पुढचे वाचा. भरणारा बरोबर करतोय का, हे ओळखता आले पाहिजे.

किती भरायचे? नायट्रससाठी प्रचलित मर्यादा म्हणजे बाटलीत मावणाऱ्या पाण्याच्या वजनाच्या ६८ टक्के. १.३३ लिटर पाणी मावणाऱ्या बाटलीत ९०० ग्रॅम. उत्पादकाने हा आकडा बाटलीवर लिहिलेलाच असतो, सोबत रिकामे वजनही. त्यात व्हॉल्व्ह धरलेला आहे का ते बघा आणि गेज, अडॅप्टर लावलेले असतील तर तेवढे वेगळे मोजा. थोडे जास्त भरण्याचा मोह आवरा: १० टक्के जास्त भरले, तर बाटली काठोकाठ होण्याचे तापमान ३० वरून २५ अंशांच्या आसपास येते. म्हणजे उन्हात उभी केलेली बाइक पुरेशी आहे.

भरायला हवे ते सामान: डिप ट्यूब असलेला मदर सिलिंडर (ज्यातून भरायचे तो मोठा सिलिंडर), किंवा ट्यूब नसेल तर तो उलटा धरणारा पक्का स्टँड, टेफ्लॉन अस्तराचा, स्टीलच्या जाळीचा होज, त्याच्या बाटलीकडच्या टोकाला बंद-चालू व्हॉल्व्ह आणि ब्लीड व्हॉल्व्ह (होज बाहेर मोकळा करणारा), मध्ये फिल्टर, ५ ते १० ग्रॅमपर्यंत अचूक वजनकाटा, थंडीसाठीचे जाड हातमोजे आणि चेहऱ्यावर शील्ड. वातावरणाच्या दाबाला नायट्रस उणे ८८ अंशांना उकळतो, त्याचा थेंब त्वचेवर जखम करतो. हवेपेक्षा दीडपट जड असल्याने तो जमिनीलगत साठतो, म्हणून काम मोकळ्या हवेत, खड्डा किंवा बंद गॅरेजमध्ये नाही. हुंगण्याचा प्रयोग कोणी करू नये: ऑक्सिजनची जागा घेऊन तो माणसाला बेशुद्ध करतो, आणि वारंवार गेल्यास शरीरातले बी-१२ निकामी करून मज्जातंतूंना इजा करतो.

१. बाटली तपासा. चाचणीच्या तारखेचा शिक्का बघा. डीओटी-३एएल ॲल्युमिनियम बाटलीला दर ५ वर्षांनी हायड्रोस्टॅटिक चाचणी लागते. खोल ओरखडे, पोचे, जळल्याच्या खुणा, व्हॉल्व्हजवळ गंज दिसला तर भरू नका.

२. वजन करा. समजा रिकामी २१५० ग्रॅम, तर लक्ष्य ३०५० ग्रॅम. हा आकडा पाटीवर मोठ्या अक्षरात लिहा. भरताना डोक्यातला आकडा हमखास घसरतो.

३. बाटली थंड करा. नायट्रस गरम सिलिंडरकडून थंड बाटलीकडे जातो, दोघे सारख्या तापमानाला आले की थांबतो. रिकामी बाटली व्हॉल्व्ह बंद करून काही तास फ्रीझरमध्ये उणे १५ अंशांपर्यंत नेली, तर आतला दाब ३०० पीएसआयच्या खाली राहतो. २० अंशांच्या सिलिंडरमध्ये ७२०. हा फरकच माल ढकलतो. मदर सिलिंडर तापवून फरक वाढवायला जाऊ नका.

४. होज जोडा. मदर सिलिंडर किंचित उघडून ब्लीड व्हॉल्व्हमधून सेकंदभर सोडा, म्हणजे होजमधली हवा निघून जाईल.

५. बाटली पूर्ण रिकामी झालेली असेल किंवा चाचणीवरून आलेली असेल तर तिच्यात हवा आहे. ती तशीच राहिली तर भरल्यावर उरलेल्या छोट्या जागेत दाबली जाते आणि गेज खरे असावे त्यापेक्षा बरेच पीएसआय जास्त दाखवते. शंभरेक ग्रॅम नायट्रस आत घ्या, मदर सिलिंडर बंद करा आणि ब्लीडमधून बाटली मोकळी करा. इथे लक्षात ठेवा: डिप ट्यूबची बाटली उभी ठेवून सोडली तर द्रवच बाहेर पडतो, माल वाया जातो आणि हवा आतच राहते. ती उलटी धरा, म्हणजे ट्यूबचे तोंड वाफेत येईल. वाफ जाताना उरलेला द्रव उकळतो आणि बाटली चांगलीच गार होते. फ्रीझर नसेल तर थंड करण्याची हीच पद्धत.

६. बाटली काट्यावर ठेवा. होजचा ताण काट्यावर येऊ नये म्हणून त्याला वेगळा आधार द्या, आणि जोडलेल्या अवस्थेतले वजन शून्य धरून किती वाढते ते मोजा (वरच्या उदाहरणात रिकाम्या बाटलीसाठी ९०० ग्रॅम). मदर सिलिंडरचा व्हॉल्व्ह हळू पूर्ण उघडा, मग बाटलीचा, आणि होजच्या व्हॉल्व्हने वेग ठेवा. द्रव जाताना आवाज भरीव येतो. वजन वाढायचे थांबले आणि लक्ष्य लांब असेल तर दाब बरोबरीला आलाय. बाटली उलटी करून थोडी वाफ सोडा, पुन्हा गार करा.

७. लक्ष्याच्या १५–२० ग्रॅम आधी थांबा. आधी बाटलीचा व्हॉल्व्ह बंद, मग मदर सिलिंडरचा, आणि लगेच ब्लीडने होज रिकामा. द्रव भरलेला होज दोन्ही बाजूंनी बंद करून क्षणभरही ठेवायचा नाही.

८. होज काढून पुन्हा वजन करा. हेच खरे वजन. लक्ष्यापेक्षा जास्त असेल तर तिथल्या तिथे सोडून खाली आणा. पहिल्या रनला वापरून टाकू, असा विचार करून भरलेली बाटली दुपारच्या उन्हात जाते.

९. व्हॉल्व्हच्या मुळाशी, चकतीभोवती साबणाचे पाणी लावा. बुडबुडे आले तर बाटली वापरायची नाही. सावलीत आपोआप वातावरणाच्या तापमानाला येऊ द्या, मग गेज तक्त्याशी ताडून बघा. तक्त्यापेक्षा चांगलेच जास्त दाखवत असेल तर आत हवा आहे किंवा भरणे जास्त झाले. वजन बरोबर असेल तर हवा.

हवेवर चालणारा ट्रान्सफर पंप असेल तर थंड करण्याची कटकट वाचते, पण पंपाला दाबाची बरोबरी अडवत नाही. तो ढकलत राहतो. पंप वापरताना काट्यावरून नजर हटवणे जास्त धोक्याचे. पंप ऑक्सिडायझरसाठी स्वच्छ केलेला, तेल नसलेलाच हवा.

गडबड झाली तर कुठे बघायचे

सुरुवात जोरदार आणि पुढे ताकद गळते: आधी वजन बघा, मग व्हॉल्व्ह पूर्ण उघडला होता का, मग फिल्टर. फिल्टर तुंबला असेल तर होजवर त्याच जागी दव किंवा बर्फ धरतो, कारण अडथळ्यापाशी द्रवाची वाफ होते. बाटली भरलेली आणि लाँचलाच अडखळते: ट्यूबची दिशा. प्रत्येक रनला मिश्रण वेगळे: गेजवर विश्वास ठेवण्याआधी दुसऱ्या गेजशी ताडा. द्रव भरलेली स्वस्त गेज उन्हात आपले शून्य हलवतात, आणि ५० पीएसआयचा फरक जेटच्या एका पायरीइतका परिणाम करू शकतो.

उभ्या बाटलीचे वजन रात्रभरात कमी होत असेल तर व्हॉल्व्हची सीट किंवा चकतीचे वॉशर. वजन तेच पण सकाळी गेज खाली, तर रात्र थंड होती.

वाहतुकीत बाटली बाइकवरून काढा, व्हॉल्व्ह बंद, टोपी लावलेली, घट्ट बांधलेली. उन्हात उभ्या बंद गाडीत ५० अंश सहज होतात, तिथे भरलेली बाटली ठेवू नका. हंगाम संपल्यावरही बाटली पूर्ण रिकामी करू नका. थोडा दाब राहू द्या, म्हणजे ओलसर हवा आत शिरणार नाही आणि पुढच्या वेळी भरताना पाचव्या पायरीचा वेळ आणि नायट्रस दोन्ही वाचतील.